चुन्याचं बोट

वणी, ४ डिसें. १९६१
कापडगिरणीकडून कापसाच्या गठाणी पुन्हा परत. आतली रुई ओली, पिवळी. आमच्या जिनिंग कारखान्याच्या साहेबांनी आम्हा दोघा पारख्यांना उभं केलं. पाटीवर हिशेब मांडला : कापसाच्या दहा ओल्या ढिगांतला एक गुलाबरावच्या हातून सुटतो, एक माझ्या. तोच ढीग दोघांच्याही हातून सुटणं म्हणजे शंभरात एक. "मग इतक्या गठाणी परत येतात कशा?" दोघांतल्या एकाला काढणार. गुलाबराव जुना. म्हणजे मलाच.

५ डिसें.
हिशेब खरा, पण दोघांनी आपापलं बघितलं तर! गुलाबराव आधी हात घालतो, पास ढिगावर तंबाखूच्या डबीतला चुना बोटानं लावतो. त्यानंतर मी हात घातला की हमाल दात काढतात. "काहून जी, मोठ्याच्या हातावर भरोसा नाही का?" मग चुना दिसला की मी पुढे जातो. म्हणजे तपासणी एकच, त्याची. आणि नोकरी जाणार माझी! त्या माणसाशी बोलणं बंद.

७ डिसें.
साहेबांना पटवलं. चुना बंद. दोघांनी वेगवेगळं बघायचं, निकाल फक्त साहेबांच्या कानात. गुलाबराव माझ्या पायाशी थुंकला. "कालचा पोट्टा, मले शिकवून राह्यला!" थेरडा.

११ डिसें.
त्यानं सोडलेला ओला ढीग मी धरला. मी सोडलेला एक त्यानं धरला, आणि जिनभर सांगत फिरला. घरी येऊन बायकोवर ओरडलो. भाजीत मीठ बरोबर होतं.

१४ डिसें.
दोघांनी पास केलेल्या ढिगात साहेबांनी सहज हात घातला. तळाशी चिंब. शंभरातला तो मेला आजच यायचा होता! म्हटलं, शंभरात एक म्हणजे कधीच नाही असं नव्हे. ऐकतात कुठे. "तुमचं संगनमत आहे. मिळून पैसे खाल्ले." उद्या जबाब, मग दोघंही घरी.
संगनमत! आणि याच्याशी!

१५ डिसें. सकाळी
गुलाबराव माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणे, "चाल, सांगू साहेबाले, आपलं पटत नाही म्हून."
"सोबत गेलो तर मिळालेलेच दिसू."
"मंग येगळेयेगळे जाऊ. तू काय सांगशीन?"
सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. "मीबी हेच सांगणार होतो. शब्दाले शब्द."
आता आधी कोणी जायचं, यावरून भांडण; मागून जाणारा पढवलेला दिसणार. दोघंही एकमेकाला उठू देत नाही. जिनचा भोंगा वाजला.