पेंग्विनवाली सिस्टीम आणि बावीस कोट

३ तारीख, सकाळी
चौथ्यांदा! माझ्या तोंडात टाचण्या, समोर गिऱ्हाईक हात वर करून उभं, आणि हा कॉम्प्युटर म्हणतो, थांबा, अपडेट चालू आहे, बंद करू नका. पस्तीस मिनिटं! सासूनंसुद्धा मला एवढं ताटकळत ठेवलं नव्हतं. बास. ही सिस्टीमच काढणार. बटणवाल्यानं त्याच्या दुकानात दुसरी टाकलीय, सुरू करताना पेंग्विनचं चित्र येतं ती, पेंग्विनवाली. पळते म्हणे.

३ तारीख, दुपारी
वन्सं आडव्या आल्याच. नवऱ्याची थोरली बहीण, त्यात दुकानाची निम्मी मालकीण. म्हणाल्या, अगं, बँडवाल्यांच्या कोटांची बावीस मापं आत आहेत, आधी कागदावर उतरवू. कागदाचा जमाना गेला, म्हटलं. मापाच्या वह्या मी उगाच रद्दीत घातल्या का? शिलाई मशीन अख्खं खोलते मी. हे त्याहून काय अवघड?

४ तारीख
बटणवाल्याचा पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर इंग्रजी. फोनवर त्याला एकेक अक्षर वाचून दाखवलं. म्हणाला, डिस्क पुसू का विचारतंय, आत काही ठेवायचं असेल तर थांबा. फोनच ठेवला. जुना खडू पुसल्याशिवाय नवी खूण करायची नाही, हे मला बटणं विकणारा शिकवणार? हो दाबलं.
वीस मिनिटांत सुरू! स्वच्छ, निळं. वन्संना बोलावून दाखवलं.

५ तारीख
मापं दिसत नाहीत. असतील. घर बदललं की कात्रीपण दोन दिवस सापडत नाही.

६ तारीख
बटणवाला येऊन बघून गेला. पुसलं म्हणजे पुसलं, बाई, म्हणाला. मग जोरात सांगायचं ना!
वन्संना बोलले नाही. बँडवाले दौऱ्यावर. अठराला येणार, एकोणीसला कार्यक्रम. घाबरायचं काय त्यात? सगळ्यांना एकदा पाहिलंय मी. माझी नजर म्हणजे टेप.

१२ तारीख
नऊ कोट बेतून झाले. ढोलवाला जाडा, बासरीवाला काडी, बाकीचे मधले. वन्सं काजं करता करता विचारतात, मापं कुठायत. कॉम्प्युटरमध्ये, म्हटलं. खोटं नाही. होतीच की.

१८ तारीख
ढोलवाल्याचं पोट कोटात मावेना. बासरीवाल्याच्या बाह्या गुडघ्याला. बँडमास्तर म्हणाले, बाई, ही कुणाची मापं? सगळे वन्संकडे बघायला लागले. मापं त्यांनी घेतली होती ना, दुखऱ्या गुडघ्यानं तालमीच्या खोलीचे तीन जिने चढून. वन्सं म्हणाल्या, माझंच चुकलं असेल.
मी टाचण्या गोळा करत बसले.

१९ तारीख
बँड जुन्याच कपड्यांत गेला. बटणवाल्यानं वन्संना सगळं सांगितलं. चहाडखोर मेला. वन्सं टेप आणि चष्मा उचलून घरी गेल्या. भांडल्या असत्या तर मी जिंकले असते.

२३ तारीख
वन्सं नाहीत, पाचवा दिवस. चिठ्ठी लिहिली. चार फाडल्या, ही पाठवणार.
वन्सं, चूक माझी होती हे मास्तरांना जाऊन सांगितलं. बावीसच्या बावीस कोट उसवतेय. शनिवारी पुन्हा मापं द्यायला बँडवाले तयार आहेत, पण तुम्हालाच. मला कुणी टेप लावू देत नाही. जिने चढताना मी धरेन. राग धरा, पण तो दुकानात येऊन धरा. येणार की नाही, ते शनिवारी शटर उघडायच्या आत कळवा.