स्टाफ तिकिटावरची मुलाखत

२ मार्च, सोमवार
कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. नोटीस कॅन्टीनच्या दारावर. काउंटरवरच्या मुली रडल्या, पायलट लोक फोन घेऊन जिन्यात गेले. मी शांत. मला आतली गोष्ट कळते: समोरची कंपनी आपल्याला सामावून घेणार. मर्जर. आणि दोन कंपन्यांची एक झाली की सगळ्यात आधी कोण लागणार? लोड कंट्रोलर. माणसं किती, बॅगा किती, इंधन किती, कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे, ही सगळी वजनं एकोणीस वर्षं मी जुळवतोय. माझी सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही.
संकल्प: घाबरायचं नाही. रोज सकाळी चालायला जायचं.

३ मार्च
उठायला उशीर झाला. चालणं उद्यापासून.

५ मार्च
कॅन्टीनवाला चहाचं मशीन उचलून घेऊन गेला. पगाराबद्दल कुणी बोलत नाही. घरी बायकोनं विषय काढला. तिच्या भावाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर हवाय, वीस तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. मी म्हटलं, विमानं तोलणारा माणूस आता बटाटे तोलणार का? ती म्हणाली, बटाटे निदान दिवाळखोरीत जात नाहीत. तिला ॲव्हिएशनमधलं काही कळत नाही. रागावून दोन पोळ्या कमी खाल्ल्या. नंतर उठून खाल्ल्या.

९ मार्च
आलं! समोरच्या कंपनीचं पत्र. मुलाखत १७ तारखेला, सकाळी अकरा, त्यांच्या हेड ऑफिसात, म्हणजे दुसऱ्या शहरात. लोड कंट्रोलची जागा एकच, उमेदवार दोन्हीकडचे. हरकत नाही, मीही एकच आहे. शिफ्टमधली पेन्सिलबाई (अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली असते) म्हणाली, मुलाखतीला जायचं की नाही हे तिनं अजून ठरवलेलं नाही. मी समजावलं की उगीच स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. तिला हे काम मीच शिकवलंय.

१२ मार्च
बायको म्हणते, तिकीट विकत घ्या, नाहीतर आदल्या दिवशी ट्रेननं जा. एकोणीस वर्षांत मी विमानाचं तिकीट विकत घेतलेलं नाही. स्टाफ तिकीट असतं: सगळे बसल्यावर सीट उरली की आपली. ती नेहमी उरते. बुडत्या कंपनीच्या विमानात बसतंय कोण? आणि एअरलाइनचा माणूस ट्रेनमधून उतरून मुलाखतीला गेला, तर त्यांना काय वाटेल?

१४ मार्च
सूटचं बटण लागत नाही. रात्रीचं जेवण बंद. (आज सोडून.) मुलीनं मुलाखतीची प्रॅक्टिस घेतली. तिनं विचारलं, तुमचे दोष सांगा. मला एकही आठवेना. बायकोनं स्वयंपाकघरातून चार सांगितले.

१७ मार्च, सकाळी ६
विमानतळ. ज्यांच्याकडून विमानं भाड्यानं घेतली होती त्यांनी दोन परत नेली, आणि त्या दोन्हींचे प्रवासी ह्या एकात कोंबलेत. काउंटरवर ही गर्दी. स्टाफच्या यादीत माझं नाव पहिलं, पण सीट नाही.

६.४०
एक प्रवासी आलाच नाही. सीट मिळाली! जिवात जीव आला. बायकोला मेसेज केला: ‘बसलो’.

दुपारी १
आता सगळं नीट लिहून काढतो.
मी शेवटी चढलो. दारात पेन्सिलबाई लोडशीट, म्हणजे वजनांच्या हिशेबाचा कागद, घेऊन उभी, कॅप्टनला द्यायला. सवयीनं हातात घेतली. चढताना दोन बॅटरीवाल्या व्हीलचेअर सामानात जाताना पाहिल्या होत्या. शीटवर त्या नव्हत्या. तिला दाखवलं. तिनं अंबाड्यातली पेन्सिल काढली. पुन्हा बेरीज केली तर विमान साठ किलोनं जास्त. अशा वेळी नियम साधा आहे: स्टाफ तिकिटावरचा माणूस आधी उतरतो.
ती हळूच म्हणाली, “सर, तुम्ही शीट पाहिलीच नाही असं समजू या.”
साठ किलोनं विमान पडत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. पण खोट्या शीटवर विमान सोडायचं कसं? माझी एंट्री माझ्याच पेनानं खोडली आणि खाली उतरलो. दार लागलं तेव्हा पाठ फिरवली, ती ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून.
लगेच त्यांच्या ऑफिसला फोन केला. सगळी हकिगत सांगितली. बाई म्हणाल्या, कळवू. म्हणजे इम्प्रेस झाल्या. ‘नाही’ असं कुठं म्हणाल्या?

संध्याकाळी ७
परतीच्या विमानाची वेळ होईपर्यंत अरायव्हलच्या बाकावर बसलो. मग घरी. मुलाखत छान झाली म्हणून सांगितलं. तशी ती छान झालीही असेल, मी तिथे नव्हतो एवढंच.

२० मार्च
बायकोनं भावाला फोन लावला. माझ्यासमोरच. “ह्यांचं तिकडे झाल्यात जमा आहे, तू दुसरं कुणी बघ.” सांगायला तोंड उघडलं. भीती वाटली, खरीखुरी. बाल्कनीत जाऊन कठडा पुसत बसलो. स्वच्छच होता.

२३ मार्च
अजून फोन नाही. मोठ्या कंपन्या वेळ घेतातच.

२६ मार्च
संध्याकाळी पेन्सिलबाई घरी आली. जागा तिला मिळाली. तिची मुलाखत १८ला होती, ट्रेननं गेली होती. मला सांगायचा धीर झाला नाही म्हणाली. मी अभिनंदन केलं. मग ती बायकोकडे वळली आणि रडायलाच लागली. तिला मुलाखतीत विचारलं होतं, कामात केलेली एखादी चूक सांगा. तिनं व्हीलचेअरची सांगितली. चूक पकडली ते सर सीट सोडून उतरले, हेही सांगितलं. ते लोक खूश झाले, नाव विचारलं, यादीत पाहिलं. नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं होतं. एक साहेब म्हणाले, अरेरे.
ती गेली. बायकोनं कप उचलले नाहीत.
“मग त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुठे होतात?”
विमानतळावर, म्हटलं.
मला वाटलं, आता ही चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसली.
“उतरलात ते बरोबर केलंत,” म्हणाली. “पण मी दादाला ‘नाही’ म्हणून कळवलं हो.”
म्हटलं, उद्या सकाळी मी स्वतः फोन करतो त्याला.
ती म्हणाली, त्यानं सोमवारीच माणूस ठेवला.