एका हातानं घातलेला हार

बाबा,

दोन महिने झाले, माझा डावा हात कानाच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतात, या वयात होतं असं, शेक द्या. सकाळी ब्लाऊज घालताना आधी डावी बाही आणि मग उजवी, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. तुम्हाला सदरा चढवताना मी ते सात वर्षं केलं आहे. परवा सून मागून बाही ओढत होती आणि मला हसू फुटलं. ती म्हणाली, दुखतंय का आई? मी नाही म्हटलं. दुखत होतं, पण हसू तुमच्यावर आलं होतं. तुम्हाला जाऊन पन्नासाच्या वर वर्षं झाली, तरी येतं. ते तुम्हाला कळवावं असं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

राळेगावच्या आपल्या घरात म्हैस सगळ्यांची होती आणि दूध तुमचं. पहाटे मी तुमच्या डाव्या खांद्याला जवसाचं तेल चोळायची. मग भिजवलेले बदाम सोलून पाट्यावर वाटायचे, अर्धा शेर दुधात कालवायचे आणि तांब्या तुमच्या हातात द्यायचा. तुम्ही उभ्यानं प्यायचात. माय, मी आणि धाकटा भाऊ चुलीपाशी बसून कोरा चहा प्यायचो. एकदा पाटा धुण्याआधी मी तो बोटानं निपटला आणि बोट चाटलं. तुम्ही पाहिलंत. मारलं नाही. मायला म्हणालात, "इच्या तोंडाले राख लाव. चोराची जीभ आहे हे." मायनं चुलीतली राख घेऊन माझी जीभ घासली आणि ती घासून होईपर्यंत तुम्ही तिथून हललात नाही. त्यानंतर बदामांचा डबा तुमच्या खाटेखाली गेला आणि रोज संध्याकाळी तुम्ही बदाम मोजू लागलात. कुस्ती सोडून तेव्हा तुम्हाला अठरा वर्षं झाली होती.

तो खुराक कशासाठी होता, हे मला लहानपणी कळत नसे. पुढे कळलं. जिल्ह्यात दोनच पहेलवान असे होते ज्यांची पाठ कधी मातीला लागली नाही, एक तुम्ही आणि दुसरा केळापूरकडचा. तुमची दोघांची जोड एकदाच ठरली, पोळ्याच्या दिवशी. आठ दिवस आधी तो त्याच्याच शेतात साप चावून मेला. मग तुम्ही जाहीर केलंत की बरोबरीचा कोणी उरला नाही, आता लढायचं कोणाशी. तुम्ही लंगोट ठेवून दिलात आणि गाव तुम्हा दोघांना रोज लढवू लागलं. त्या न झालेल्या कुस्तीवर तुम्ही जगत होतात बाबा. कापसाच्या जीन कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यांच्या जमादाराची जागा तुम्हाला तिच्यामुळेच मिळाली. कापसाचे गाडीवान तुमच्यासमोर बैल दामटत नसत, तेही तिच्यामुळेच.

फाटकासमोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथले मिस्त्रीचाचा केळापूरच्या बाजूचे. पंक्चर काढता काढता रोज तुम्हाला डिवचायचे, "त्याचा धोबीपछाड पाह्यला का कोनं? हात सापडला का आदमी खतम. आपले पहेलवान दोन मिनिटात चीत झाले असते." तुम्ही मिशीवरून हात फिरवत म्हणायचात, "मायाजवळ येऊ द्यायचा होता त्याले. मंग कळलं असतं." बाकीचे दोन्हीकडून ओरडायचे. तुम्हाला डब्बा द्यायला आले की मी ऐकत उभी राहायची. चौदा वर्षांची होते, खांदा रोज माझ्या हाताखाली असायचा. एक दिवस बोलून गेले, "पण बाबा, त्यानं डावा हात धरला असता तं?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मग त्यांच्याकडे पाहून हसलात. "तुले त्याचा लय पुळका आहे ना, तं तुयं लगनच लावून देतो त्या मढ्यासंग. चाल, घरी जाय, चूल पेटव." माणसं गुडघ्यांवर थापा मारून हसली. मिस्त्रीचाचा तेवढे हसले नाहीत. त्या दिवसापासून मला तुमचा राग होता. तो लेकरांचा येतो आणि जातो तसला नव्हता, तो मी जपून ठेवला.

आपला जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि शाळेत तिकडचे एक नवे मास्तर आले होते. शहर बरं की खेडं, असल्या वादविवादाला मुलं जांभया देतात हे पाहून त्यांनी विषय ठेवला, तुमची आणि केळापूरच्या पहेलवानाची कुस्ती झाली असती तर कोण जिंकलं असतं. प्रमुख पाहुणे तुम्ही. बक्षीस तुमच्याच हातानं. कोण कोणत्या बाजूनं बोलणार याच्या घडी केलेल्या चिठ्ठ्या त्यांनी वर्गात वाटल्या आणि नावं दुसऱ्या दिवशी लिहून घेतली. मी केळापूरच्या बाजूला आले. मास्तर अवघडले, तुम्हाला विचारायला जीनवर आले. तुम्ही खुशीत होतात. "चिठ्ठीत निघालं तं बोलाच लागते. बोलू द्या. पाहू तं, काय उजेड पाडते." त्याच आठवड्यात डब्यातले चार बदाम कमी भरले आणि तुम्ही धाकट्याला खाटेच्या पायाला बांधून पट्ट्यानं मारलंत. तो नाही नाही म्हणत राहिला.

तुमच्या लग्नाची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. अंतरपाट दूर झाला आणि पहेलवानानं एका हातानं हार घातला, केवढी ती ऐट. बायका अजून त्यावरून मायला चिडवायच्या. एकदा त्या गेल्यावर माय भाकरी थापता थापता मला म्हणाली होती, "ऐट कायची वो? दुसरा हात उठतच नव्हता. शिमग्यात उतरला होता खांदा. घामानं डबडबले होते बिचारे." तिनं ते मायेनं सांगितलं होतं. माझ्याशिवाय ती कोणाला सांगणार होती?

सभेच्या दिवशी तुम्ही फेटा बांधून आलात. तो मीच बांधून दिला होता. बाकीची मुलं छाती, मांड्या, डावपेच यांवर बोलली. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच बोलले, की केळापूरच्या पहेलवानाचा हुकमी डाव धोबीपछाड, तो समोरच्याचा हात खांद्यावर घेऊन मारायचा. आमच्या बाबांचं लग्न वैशाखातलं, कुस्ती ठरली होती श्रावणाच्या अखेरीला. वैशाखात ज्यांना बायकोच्या गळ्यात दोन हातांनी हार घालता आला नाही, त्यांचा डावा हात श्रावणात त्यानं धरला असता, तर काय झालं असतं ते सभेनं ठरवावं. माझा आवाज अजिबात कापला नाही. लग्नाला जेवून गेलेली माणसं समोर बसली होती. मग मागून कोणीतरी खुसकन हसलं.

पहिला नंबर माझा आला. कप चांगला मोठा होता, दोन कानांचा. तुम्ही तो उजव्या हातानं उचललात आणि मागून आवाज आला, "दोनी हातानं द्या पहेलवान." तुम्ही प्रयत्न केलात. डावा हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. मी पुढे होऊन कप घेऊ शकले असते. मी हात जोडून उभी राहिले आणि तुम्हाला तसंच उभं ठेवलं. शेवटी मास्तरांनीच कप तुमच्या हातातून काढून मला दिला.

घरी आल्यावर तुम्ही मायला विचारलंत, "तू सांगतलं?" ती हो म्हणाली. त्यानंतर तुम्ही तिच्याशी कामापुरतंच बोललात. गाडीवानांनी बैल दामटायला सुरुवात केली. पण खरा घाव घातला मिस्त्रीचाचांनी. एक दिवस ते पंक्चर काढता काढता, मान वर न करता म्हणाले, "पहेलवान, मी उगाच भांडलो इतके साल. तुमीच जिंकले असते." तुम्ही उठलात आणि त्या दुकानात पुन्हा कधी बसला नाहीत. डब्बा घेऊन मी तिथंच होते. मला आनंद झाला होता, बाबा.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही तांब्या माझ्यापुढे सरकवलात. "पी. जिंकली ना तू?" रोज समोर बसून मला पाजलंत, माय आणि धाकटा कोरा चहा पीत असताना. तुम्हाला वाटलं असेल ते माझ्या घशाखाली उतरणार नाही. मी थेंब ठेवत नव्हते.

तीन वर्षांत तुम्ही काविळीनं गेलात. शेवटच्या दिवसांत मी पाणी पाजत होते तेव्हा म्हणालात, "मास्तरनं चिठ्ठ्या काढाच नव्हत्या पाह्यजे. तुया काय दोष. तुया चिठ्ठीत जे निघालं ते तू बोलली." मास्तरांना तर तुम्ही मरेपर्यंत माफ केलं नाही. मी तुमचे ओठ पुसले.

संध्याकाळी सून शेकासाठी शेगडी पेटवेल, तेव्हा हा कागद त्यातच घालीन. त्याआधी सांगते. माझ्या चिठ्ठीवर तुमचं नाव होतं. केळापूरचं नाव शेजारच्या बाकावरच्या मुलीला आलं होतं आणि ती बदलून द्यायला तयार नव्हती. चार बदामांवर तयार झाली.