रडणाऱ्यांची चीड

३ मार्च
आलो एकदाचा! गाव टुमदार आहे, खोली चौथ्या मजल्यावर, दोन्ही बाजूंना ऐसपैस खिडक्या. लिफ्ट आहे, पण मी जिनाच चढतो. पाय शाबूत असताना खोक्यात बंद व्हायला मी काय सफरचंद आहे? नोकरी एका मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे. पेशंटांची बोलणी ध्वनिमुद्रित असतात, ती ऐकून टाइप करायची. पगार बरा आहे.

५ मार्च
कान किटले. पन्नाशीचा ठेकेदार मुसमुसतो, कारण आईनं धाकट्याला जास्त जवळ घेतलं. एका मास्तरीणबाईंची मान आखडते, कारण वडील मागे उभे राहून अभ्यास घ्यायचे म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं! लहानपण मलाही होतं की. पण आजवर टिपूस गाळलेलं नाही. रडतराऊत दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझी तक्रार एकच, उजव्या तळव्याला घाम येतो. कीबोर्ड सारखा पुसावा लागतो.

९ मार्च
इथली रीत अशी की नव्या माणसानंही एकदा कोचावर आडवं होऊन आपलं लहानपण सांगायचं. म्हटलं, बाईंची जिरवू या. थाप ठोकली: वडील मला आणि धाकट्या भावाला जिन्याखालच्या कपाटात कोंडायचे आणि बाहेरून सांगायचे, दोघंही गप्प झालात तरच दार उघडीन. बाईंचे डोळे पाणावले. अहो, मला भाऊच नाही! एक मोठी ताई तेवढी आहे. हसू दाबताना ठसका लागला.

१२ मार्च
ठसका जात नाही. तळवा आता नुसता ओला नाही, कोमट लागतो, कुणीतरी त्यावर श्वास सोडत असल्यासारखा. बाई म्हणाल्या, थापसुद्धा माणूस कुठून तरीच आणतो. पुस्तकी पांडित्य! खोलीचं दार मात्र उघडं ठेवून झोपलो. नेहमीच ठेवतो. वारा बरा लागतो.

१३ मार्च
गंमत म्हणून ताईला फोन करून थाप ऐकवली. ती हसली नाही. तिनं विचारलं, तुला हे कुणी सांगितलं? तू फार लहान होतास, तुझ्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही असं घरात ठरलं होतं. धाकटा रडायचा थांबत नव्हता, म्हणाली. मग एकाएकी थांबला. बाबांनी दार उघडलं तेव्हा तू डोळे मिटून गप्प बसला होतास, आणि तुझा हात त्याच्या तोंडावरून सोडवताना आम्हाला —
पुढे ती रडायलाच लागली. तीही रडतराऊतच.

१४ मार्च
कामावर गेलो नाही. हात पुसतो — पुन्हा ओला. तळव्यावर बारीक दातांचे ठसे. काल नव्हते. मूर्खपणा आहे सगळा. मी नाही रडणार. रडतात ते नेभळट —

१५ मार्च
डाव्या हातानं लिहितोय. भर दुपार, खिडक्या सताड उघड्या, तरी हवा पुरत नाही. डोळ्यांतून पाणी आलं. पहिला हुंदका फुटला आणि उजवा हात आपला आपण उठला — तोंडावर बसलाय — ओढूनही निघत नाही —
बाबा, मी गप्प आहे — तोपण गप्प झालाय — आता तरी दार उघ