मागची चुन्याची रेषा

चौबे कॉलोनी, रायपूर
मंगळवार, २१ फेब्रुवारी २०२३

प्रिय पूर्णिमा,

रविवारी नवा रायपूरला मुलींच्या खो-खोची फायनल झाली आणि आपल्या चारुदत्त सरांच्या पोरी जिंकल्या. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेचा संघ ज्यांच्या हाती सोपवला, तेच हे सर. सकाळी सातला ते गाडी घेऊन दारात हजर होते, कारण तिकडे बसचा काही भरवसा नाही. रस्ते एवढे रुंद आणि त्यावर माणूस दिसेल तर शपथ. मैदानावर मात्र नुसता गलका. मी नेहमीसारखी खांबाजवळ गुडघे टेकून बसले, ऊन पाठीवर घेतलं आणि कॅमेरा एकपायी स्टँडवर टेकवला. शेवटच्या डावात दुलेश्वरीनं खांबाला एक हात घालून जो सूर मारला, तो मला मिळाला. तिचे डोळे, दाताखाली धरलेला ओठ, बोटांपासून वीतभर पुढे पळणाऱ्या पोरीची वेणी, हवेत उडालेला मुरूम, सगळं लख्ख. तिची पापणीसुद्धा मोजता येईल.

दुलेश्वरी अभनपूरच्या पलीकडच्या गावची. तेरा वर्षांची आहे, बोलते कमी. दर सामन्याआधी माझ्याजवळ येऊन हळूच विचारते, "मैडम, ए दारी मोर फोटो आही का?" यावेळी माझा फोटो येईल ना, एवढंच. या मुलींच्या घरी त्यांचे फोटो म्हणजे आधार कार्डावरचे. धावताना आपण कशा दिसतो हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. तू पहिल्या पगारातून हा कॅमेरा आणून दिलास तेव्हा मी कुरकुरले होते, पण गेली सहा वर्षं त्यानं मला मैदानावर ठेवलं. तुझे बाबा गेल्यानंतर घरात बसून राहिले असते तर माझं काय झालं असतं कोण जाणे.

हे सगळं इतक्या खुशीत लिहिते आहे, पण नोव्हेंबरात मी हाच कॅमेरा टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवून दिला होता. फोनवर तू विचारायचीस, आई, या वर्षी फोटो काहून नाही पाठवले, तर मी सांगायची की सामनेच झाले नाहीत. खोटं होतं ते. जिल्ह्याचे सामने झाले होते. मी दोन दिवसांत तीनशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन संगणकावर लावले, तर एकही धड नाही. प्रत्येक पोरीचा चेहरा पाण्याखालून बघावा तसा. एकेक पुसत गेले आणि मधेच थांबले, कारण माझा उजवा हात माऊसवर थरथरत होता.

तो हात राखीच्या सुमारास थरथरायला लागला होता. आधी वाटलं, उन्हात फार फिरले, थकवा असेल. मग सुईत दोरा ओवेना. कुलपात किल्ली जाईना. मी कोणाला काही बोलले नाही. तुला ठाऊक आहे मला कशाची आठवण येत होती. माझ्या वडिलांना, तुझ्या बाबाराव आजोबांना, कंपवात झाला तेव्हा तू तिसरीत होतीस. रेल्वेत तीस वर्षं गार्डाची नोकरी केलेला माणूस, शेवटी शर्टाचं बटण मी लावायची. नऊ वर्षं. शाळेतून आले की तुझा अभ्यास आणि त्यांचं जेवण एकाच वेळी चालायचं. तू एकदा आपला चमचा खाली ठेवून त्यांचा धरलास आणि म्हणालीस, मी भरवते, तू बस. आठ वर्षांची होतीस. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. त्या दिवशी मनात ठरवलं होतं की या पोरीवर ही पाळी पुन्हा येऊ द्यायची नाही. आणि आता माझाच हात.

म्हणून ते हललेले फोटो मला फोटो वाटलेच नाहीत, रिपोर्ट वाटला. डॉक्टरकडे गेलेच नाही. काय सांगणार ते, मला माहीतच होतं. चारुदत्त सरांना निरोप दिला की डोळ्यांचा त्रास आहे, आता जमणार नाही. ते घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, पोट्ट्या रोज विचारून राहिल्या. मी काय सांगू त्याहिले?" मी म्हटलं, सांगा, मॅडम म्हाताऱ्या झाल्या. ते हसले नाहीत. जाताना म्हणाले, "जिल्ह्याचे फोटो तरी द्या. कसेही असू द्या. दुलेश्वरीच्या मायनं भिंतीवर जागा करून ठेवली आहे."

त्या वाक्यानं मला दोन दिवस झोप लागली नाही. पुसता पुसता उरलेले साठ-सत्तर फोटो पेनड्राइव्हमध्ये घेतले, कॅमेराही टॉवेलासकट पिशवीत टाकला आणि पुरानी बस्तीत लता दीदीच्या स्टुडिओत गेले. बाई पन्नाशीची आहे, नवऱ्यामागे दुकान एकटी चालवते, लग्नांचे अल्बम करते. तिला म्हटलं, यातले त्यातल्या त्यात बरे असतील ते सहा-सात छापून दे, माझा हात हलतो, सगळे बिघडलेत. तिनं एक फोटो उघडला. दुलेश्वरी थेट माझ्याकडे धावत येते आहे, चेहरा पुसट. लता दीदीनं तो मोठा केला, आणखी मोठा केला, पण चेहऱ्याकडे बघेचना. ती दुलेश्वरीच्या मागे जमिनीकडे बघत होती. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "दीदी, हाथ हिलता तो चूना भी हिलता ना. ये देखो."

मी चष्मा लावून पाहिलं. दुलेश्वरीच्या दोन पावलं मागे मैदानाची चुन्याची रेषा होती. तिचा कण न् कण दिसत होता. शेजारी मुरमाचा एक खडा होता, त्याची सावलीसुद्धा कोरल्यासारखी होती.

लता दीदीनं मग मला शाळेत शिकवावं तसं समजावलं. हात हलला की सगळं चित्र हलतं, पोरगीही आणि जमीनही. इथे जमीन स्थिर आहे, म्हणजे कॅमेऱ्यानं नेम धरला तेव्हा मुलगी त्या रेषेवर होती, आणि फोटो निघेपर्यंत दोन पावलं पुढे आली. तिनं माझा कॅमेरा हातात घेतला, दोन बटणं दाबली आणि म्हणाली, "ये तो एक बार फोकस करके रुक जाता है. दौड़ते बच्चे के लिए पीछे-पीछे चलने वाला रखते हैं." शटरही मंद होता, तो तिनं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या पुढे नेला. इतक्या वेगात तर साधी थरथर दिसतच नाही म्हणे. मी सहा वर्षं तो कॅमेरा तू लावून दिला होतास तसाच वापरत होते, बदलायचं कधी कारणच पडलं नाही. मग आठवलं. दिवाळीत तू अंगणातल्या पणत्यांचे फोटो काढले होतेस, त्यासाठी सगळं बदललं असणार, आणि परत लावायचं राहिलं. राग मानू नको, मला दुकानातच हसू आलं. इतके दिवस मी ज्याला कंपवात समजत होते, तो तुझ्या पणत्यांचा फोकस होता.

पण घरी येताना रिक्षात हात मांडीवर ठेवला आणि हसू थांबलं. फोटोंचं कारण वेगळं निघालं, कॅमेऱ्याला स्टँडनं सावरलं होतं, तरी हाताचं थरथरणं खरंच होतं. फरक एवढाच पडला की आता मला आपल्या खात्रीवर शंका यायला लागली. डोळ्यांसमोरची रेषा मला महिनाभर दिसली नाही, कारण मी चेहऱ्यावरच नजर खिळवून बसले होते. मग हाताचंही मी नीट पाहिलंय कशावरून? दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. एकटीच गेले.

डॉक्टर तरुण होता, तुझ्या वयाचा. त्यानं मला दोन्ही हात पुढे ताणून धरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. मी डोळे मिटून घेतले. त्यानं विचारलं, वजन कमी झालंय का. झालं होतं, सहा किलो. छातीत धडधड होते का, थंडीतही गरम होतं का, झोप उडाली आहे का. सगळ्याला हो. मग म्हणाला, आता हात मांडीवर सैल ठेवा. ठेवले. दोघंही बघत बसलो. हात गप्प होते. तेव्हा मला आजोबा आठवले, खुर्चीत बसलेले. त्यांचा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असतानाच हलायचा, आणि पेला उचलला की क्षणभर थांबायचा. नऊ वर्षं मी तो हात पाहिला, धरला, धुतला, आणि माझ्या हाताचं सगळं उलट आहे हे मला सुचलं नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड प्रमाणाबाहेर वाढलं होतं. कंपवाताची काही लक्षणं नाहीत, हे त्यानं मी तीनदा विचारलं म्हणून तीनदा सांगितलं. बाहेर आले आणि समोरच्या टपरीवर उभ्या उभ्या दोन प्लेट गुपचूप, इकडची पाणीपुरी, खाल्ले. मागचे चार महिने मला कशाचीच चव नव्हती. जानेवारीपासून गोळ्या सुरू आहेत. धडधड थांबली, वजन दोन किलो परत आलं, झोप लागते. सुईत दोरा ओवता येतो. परवा पुन्हा तपासणी झाली, डॉक्टर म्हणाला, गोळी आता कमी करू. दुलेश्वरीचा रविवारचा फोटो लता दीदीनं लगेच मोठा छापून दिला, आणि काल चारुदत्त सर तो तिच्या मायच्या हाती देऊन आले. म्हणे, बाई फोटोकडे बघून एवढंच बोलली, "हव, एही मोर नोनी ए." हीच माझी मुलगी.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. काल रात्री जावयांचा, गौतमरावांचा, फोन आला. तुला माहीत नाही, रागावू नको त्यांच्यावर. नेदरलँड्सची दोन वर्षांची नोकरी तू नाकारणार आहेस, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, आणि कारण विचारलं तर तू फक्त एवढंच म्हणतेस की मला रायपूरजवळ राहायचं आहे. मी फोन ठेवला आणि दिवाळीतली सकाळ आठवली. मी चहा गाळत होते, आणि तू काही न बोलता माझ्या हातातून पातेलं घेतलंस. मला वाटलं, लेक मदत करते आहे. तू पाहिलं होतंस, नाही का? मी तुझ्यापासून लपवत होते आणि तू माझ्यापासून, आणि दोघीही मनात आजोबांची खुर्ची धरून बसलो होतो. फोनवर मी काहीही सांगितलं तरी तू म्हणाली असतीस, आई मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिली. म्हणून हे पत्र, आणि उद्या सकाळी कुरिअरनं, म्हणजे शुक्रवारच्या आत तुझ्या हातात पडेल. सोबत रिपोर्टाची झेरॉक्स आहे, पण ती नंतर बघ. आधी माझं अक्षर बघ. पाच पानं एका बैठकीत लिहिली आहेत, काना, मात्रा, वेलांटी, सगळं नीट उजेडात धरून बघ. आणि मग नेदरलँड्सच्या नोकरीला हो म्हणून कळव.

तुझीच,
आई