कुंडलची पाभर आणि नातीचे नमुने

आबा, लेक अडाणी म्हणून तुम्ही मला कामाला लावलं, त्याचा राग मी आत्ता कुठं सोडला. सांगतेय मी, लिहितेय नात.

कुंडलच्या आपल्या सुतारमेटावर जतच्या शेतकऱ्यांसाठी पाभरी व्हायच्या. पेरणीचं ते अवजार अख्खं एसटीच्या टपावर मावेना, म्हणून तुम्ही फण, नळ्या, बी सोडायचं चाडं सुटं करून, कशाला काय जोडायचं ते कळावं म्हणून सांध्यासांध्याला गेरूचे ठिपके द्यायचा आणि जुडी बांधायचा. पण गाडीवर चढवण्याआधी मला हाक. "सोड आन् जोड. मी बोलणार न्हाई." मी चुकले की तुम्ही मला नव्हे, ठिपक्यांना रागवायचा, पुसून नवे द्यायचा. शेजाऱ्यांना सांगायचा, "हिला जमलं तर जतात कुणालाबी जमंल." लय झोंबायचं.

आता साताऱ्यात नात घरूनच काम करते. माहितीची अशीच जुडी बांधून एका संगणकातून दुसऱ्यात पाठवायची आणि तिथं जशीच्या तशी उभी करायची, हे शिकवणारे नमुने ती लिहिते. मध्यंतरी तोंड एवढंसं करून बसली. तिचा नमुना बघून लोक करायला जातात, आणि तिकडं तारीख उतरते ती नुसती अक्षरं होऊन. तिच्यावरून दिवस मोजायला गेलं की अडतं. तक्रारींचा ढीग. सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर काम दुसऱ्याकडं जाणार.

"वाच बघू," म्हटलं. तिनं वाचलं: नाव बांधा, वय बांधा, पाठवा. संपलं.

"आन् सोडायचं कुणी? तुज्या आज्ज्यानं?"

"आजी, ते लोकांना कळतं गं."

"कळत असतं तर तुला शिव्या कशाला घातल्या असत्या?"

ती हसली आणि मधेच थांबली. मग नवा नमुना मांडला: शेतकऱ्याचं नाव, पेरणीची तारीख, पिकांची यादी, आणि माझ्या हट्टानं एक रिकामा रकाना, तोही तिकडं रिकामाच उतरतो का बघायला. बांधायचं, सोडायचं, दोन्ही ताडून बघायचं. कराडहून तिच्या कामावरची नवी मुलगी आली. "हिला करू दे, तू तोंड उघडू नगंस," मी बजावलं. मुलगी तीनदा अडखळली. नातीनं ओठ दाबून तिन्ही जागा खोडून पुन्हा लिहिल्या. चौथ्या खेपेला मुलगी ओरडलीच, "आली! तारीख तारखेसारखीच आली, आजी!"

काम नातीकडंच राहिलं, वर बाकीचे सगळे नमुनेही तिनंच असे सुधारायचे ठरले. मला एक अक्षर येत नाही, आबा, आणि देशोदेशीची शिकलेली माणसं माझ्या रिकाम्या रकान्यावर शिकतायत!

तुम्ही तर कधीच गेलात, हे कुठं धाडायचं? राहू दे तिच्या संगणकातच. फक्त एक कबूल करते. ही अक्कल आली कुठनं, म्हणून गल्लीतल्या बायका विचारतात. मी पदर सावरून म्हणते, "उपजतच हाय." तुमचं नाव अजून एकीलाही सांगितलेलं नाही.