बोक्याला दवाखान्यात नेलंय

ताई,

बोका दिसत नाही म्हणून पलंगाखाली शोधू नकोस. त्याला पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेतोय. ही माझी टवाळकी नाही, तुझी शप्पथ. तू फोन घरीच विसरलीस, म्हणून ही चिठ्ठी त्याच्याखाली ठेवलीय.

सकाळपासून तो पाचदा रेतीच्या ट्रेमध्ये बसला, कण्हला, पण लघवीचा थेंब नाही. आपल्या आधीच्या बोक्याचं, ढब्बूचं, असंच झालं होतं. तेव्हा मी ट्रेसमोर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' अशी पाटी लावली आणि आपण दोघं पोट धरून हसलो. त्याची लघवी तुंबलेली, आणि आपण त्याला पोट साफ व्हायचं औषध पाजत बसलो. दोन दिवसांत गेला बिचारा.

त्याचं रेती उकरणं मला अजून ऐकू येतं, ट्रे रिकामा असला तरी. आज ऐकलं तेव्हा आधी वाटलं, ढब्बूच आला.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "वाट बघू नका, लगेच आणा. नळी घालून मोकळं करू." दोन-तीन दिवस ठेवूनही घेतील.

आल्या आल्या तिकडेच ये. मला तिथे एकट्याने बसायची भीती वाटतेय. कुणाला सांगितलंस तर बघ.